पिवळ्या चौकटीतला आकडा

१

सोमवारी दुपारी कोंडीराम शेलार गेला आणि मंगळवारी संध्याकाळपर्यंत लालबागच्या त्या अख्ख्या चाळीचं एकमत झालं, की म्हाताऱ्याला सुनेनं कॉम्प्युटरवर मारलं. सार्वजनिक नळावर आधी हंडा कोणाचा, यावरून ज्या चाळीचं वीस वर्षांत एकदाही पटलं नव्हतं, तिचं एवढ्या मोठ्या गोष्टीवर दीड दिवसात पटलं. भांडण दुसऱ्याच्या घरातलं असलं की आपल्याकडे एकी पटकन होते.

बुधवारी सकाळी ती सून, शेवंता, गिरगावात जसिंता परेराच्या क्लासात येऊन उभी राहिली. वाडीतल्या आपल्या जुन्या घराच्या पुढच्या खोलीत सहा मशिनं मांडून जसिंता बायकांना एक्सेल शिकवायची. त्याआधी सत्तावीस वर्षं ती फोर्टातल्या एका विमा कंपनीत दावे तपासायला होती. माणूस मेल्यावर त्याचे नातेवाईक काय काय सांगतात आणि काय काय गिळतात, हे तिला पाठ होतं. दयामाया तिच्यात बेताचीच होती, पण डोकं मात्र खणखणीत.

शेवंतानं हुंदके देत देत सांगितलं ते असं. सासऱ्यांना मधुमेह, रोज सकाळी इन्शुलिनची सुई. साखर किती आली त्याप्रमाणे डोस किती, याचा तक्ता डॉक्टरांनी लिहून दिलेला. म्हाताऱ्याचा सोमवारचा उपास, म्हणून त्या दिवशी निम्माच डोस. या हिशेबावरून घरात रोज सकाळी वादावादी. म्हणून क्लासात शिकल्याप्रमाणे शेवंतानं तो तक्ता सेकंडहँड कॉम्प्युटरवर चढवला. साखरेचा आकडा टाकायचा, वार मशीन आपोआप ओळखणार, आणि पिवळ्या चौकटीत डोस येणार. तीन महिने बिनबोभाट चाललं. या सोमवारी बाराच्या जागी चोवीस आले. पोटात अन्न नाही आणि सुई दुप्पट. म्हातारा हॉस्पिटलात पोचेपर्यंत साखर तळाला गेली होती.

सोमवारी शेवंता सातलाच कामावर गेलेली. सुईला तिचा हातही लागला नव्हता. पण फॉर्म्युला तिचा.

"टीचर, नणंद उद्या चार वाजता चौकीवर अर्ज देणार आहे," ती म्हणाली. "कॉम्प्युटर पण नेणार पुरावा म्हणून. माझी मुलगी तिनं कालच वरळीला नेली. चार वर्षांची आहे हो. म्हणते, खुनी बाईच्या हातात पोर देणार नाही."

जसिंतानं तिला पाणी दिलं आणि उद्या सकाळी येते म्हणून सांगितलं. फॉर्म्युला शिकवला होता तिनंच, तेव्हा हे लचांड तिच्याही दारात येऊन बसलेलंच होतं.

२

गुरुवारी अकराला जसिंता चाळीतल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत पोचली. कोपऱ्यात दिवा तेवत होता. त्याच्याशेजारी भिंतीला टेकून राधाबाई, कोंडीरामची बायको, बसल्या होत्या. बाई इतकी वाळलेली की लुगड्याच्या आत माणूस आहे की नाही असं वाटावं. मुलगा दौलत केस उतरवून बसला होता. तो रात्रपाळीचा वॉचमन. आणि खोलीच्या मधोमध कमरेवर हात देऊन लक्ष्मी, वरळीच्या बीडीडी चाळीत दिलेली मुलगी. बोलण्याचं काम सगळ्यांच्या वतीनं तिनंच अंगावर घेतलं होतं.

लक्ष्मीनं आधी जसिंताला बाहेरच्या बाहेर घालवायचा प्रयत्न केला. विमा कंपनीत याहून तिखट बायका जसिंतानं पचवल्या होत्या. ती सरळ कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली आणि म्हणाली, चार वाजायला अजून पाच तास आहेत, मला तासभर पुरे.

फाइल उघडली. पिवळ्या चौकटीवर तिनं क्लिक केलं आणि वरच्या पट्टीत फॉर्म्युला दिसला. साधा होता. आजचा वार बघ. तो अमुक असेल तर निम्मा डोस दे, नसेल तर पूर्ण. या मशिनाच्या हिशेबात रविवार म्हणजे एक आणि सोमवार म्हणजे दोन. जसिंता प्रत्येक बॅचला हे दोनदा सांगायची.

फॉर्म्युल्यात दोन नव्हता. एक होता.

म्हणजे मशीन रविवारी उपास धरत होतं आणि सोमवारी पोटभर जेवलेल्या माणसाचा डोस देत होतं. जसिंतानं हे मोठ्यानं सांगितलं, आणि लक्ष्मीला हवं ते मिळालं. तिनं शेवंताकडे बोट केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "बघा. तिच्या टीचरनीच सांगितलं."

शेवंता भिंतीशी खाली बसली. 

३

"वही कुठाय?" जसिंतानं विचारलं. रोज सुई घेणाऱ्या माणसाची वही असतेच.

वही दौलतनं काढून दिली. कोंडीरामची जात टाइमकीपरची. परळच्या एका गिरणीत त्यानं बावीस वर्षं गेटवर हजेरी घेतली. एक मिनिट उशीर झाला तरी माणूस परत पाठवायचा अशी त्याची ख्याती. वहीतही तोच थाट. तारीख, वार, साखर आणि डोस, सगळं त्याच्याच हातचं, आकडे मस्टरसारखे तीन घरांत. साखर रोज तक्त्याच्या एकाच घरात पडायची, म्हणून ०२४, ०२४, ०२४. दर सोमवारी ०१२.

जसिंतानं पानं मागे उलटली. तीन महिन्यांतले सगळे सोमवार बरोबर होते. म्हणजे शेवंतानं फॉर्म्युला बरोबरच लिहिला होता आणि नंतर कोणीतरी त्यातला दोन पुसून एक केला होता. कधी केला? गेल्या शनिवारी ०२४. रविवारी ०१२.

"रविवारी घरात काय केलं होतं?" तिनं विचारलं.

मटण, दौलत म्हणाला. बाबांना रविवारी मटण लागायचंच.

म्हणजे बदल शनिवारी सकाळनंतर आणि रविवारी सकाळच्या आत झाला. त्या वेळात कॉम्प्युटरपाशी कोण होतं? शेवंता शनिवार-रविवार माहेरी, मच्छीमार नगराजवळ आईकडे गेलेली. ती रविवारी रात्री परतली. लक्ष्मी त्या दोन दिवसांत आलीच नव्हती. राहिले तिघं: दौलत, राधाबाई आणि खुद्द मेलेला माणूस.

पण जसिंताला दुसरंच काही खटकत होतं. ज्या गड्यानं आयुष्यभर कोणाला एक मिनिट सोडलं नाही, त्यानं मटणाच्या दिवशी स्वतःला निम्मी सुई लागताना चकार शब्द काढला नाही. निमूटपणे ०१२ लिहिलं. घरात भांडण झालं होतं का, असं तिनं विचारलं. दौलत म्हणाला, नाही, उलट त्या दिवशी बाबा खुशीत होते.

तिनं पुढची ओळ वाचली आणि चष्मा काढून पुसला. मग परत वाचली. सोमवार, मरणाचा दिवस. कोंडीरामच्या ठसठशीत अक्षरात तिथंही लिहिलं होतं, ०१२.

सुई चोवीसची गेली होती. लिहिणाऱ्यानं बारा लिहिले होते.

४

बाहेर गॅलरीत शेजारचा रघुवीर उभा होता, आणि त्याला सांगायचं होतं. हा त्याच गिरणीतला, विणखात्यातला माणूस, ब्याऐंशीच्या गिरणी संपात उभा राहिलेला. संप चिघळल्यावर गेटवर कोण घोषणा देतो त्याची नावं कोंडीराम वर पुरवायचा. त्यात रघुवीरचंही नाव गेलं आणि त्याला पुन्हा कुठल्याच गिरणीनं दारात उभं केलं नाही. चाळीत आणखी कोणी कोंडीरामच्या वाईटावर असेल तर हाच.

ते त्यानं लपवलंही नाही. "मला आनंदच झालाय, टीचर," तो म्हणाला. "पेढे वाटले नाहीत एवढंच."

पण त्याचं पुढचं बोलणं जास्त कामाचं होतं. संपात गिरणी बंद पडली तशी कोंडीरामला हजेरी घ्यायला माणसं उरली नाहीत. मग त्यानं घरातच मस्टर सुरू केलं. बायकोचं. चहा सहाला, अंघोळीचं पाणी साडेसहाला, ताट बाराला. मिनिटं मोजायचा आणि लाल शाईनं लिहायचा. तीन उशीर झाले की कपात.

"कसली कपात?"

"जेवणाची. तिच्या. एक वेळचं बंद. बाई कधी बोलली नाही. आमची बायको भिंतीपलीकडून भाकरी सरकवायची, तर त्यानं बघितलं आणि त्या दिवशी दोन्ही वेळचं तोडलं."

 तेवीस वर्षं, भिंतीला भिंत लावून, अख्ख्या चाळीच्या देखत. आणि हीच चाळ दीड दिवसात न्यायाधीश होऊन बसली होती. तिनं रघुवीरला विचारलं, की तुम्ही काय केलंत? रघुवीरनं मान खाली घातली. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट, एवढंच पुटपुटला.

मग त्यानं आणखी एक सांगितलं. रविवारी कोंडीरामनं त्याला चक्क हाक मारली होती. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, उद्या साडेआठला दारात येऊन बस, आमच्या सुनेच्या मशिनाचा तमाशा दाखवतो. आणि लक्ष्मीलाही फोन गेला होता. लक्ष्मी कबूल झाली. बाबांनी बोलावलं होतं, पण तिला यायला अकरा वाजले.

रघुवीर मात्र वेळेवर आला होता. दारात बसला. पडद्याआड सुई झाली. तमाशा काही झाला नाही.

"मग तो बाहेर आला," रघुवीर म्हणाला. "तोंड एवढंसं झालेलं. मला म्हणाला, आज काही नाही, जा तू."

५

जसिंता पुन्हा कॉम्प्युटरपुढे येऊन बसली. आता तिला अर्धं समजलं होतं, आणि उरलेलं अर्धं समजू नये असं वाटायला लागलं होतं.

फाइलच्या तळाशी आणखी एक शीट होतं. त्याचं नाव 'घर'. तिनं ते उघडलं.

डावीकडे तारखा. मग चहा, पाणी, ताट, चादर. प्रत्येकाची ठरलेली वेळ, झालेली वेळ, आणि उशिराची मिनिटं आपोआप काढून मांडलेली. मिनिटं शून्याच्या वर गेली की चौकट लाल. तीन लाल चौकटी झाल्या की शेवटच्या रकान्यात फॉर्म्युलाच उत्तर द्यायचा. त्या रकान्याचं नाव 'जेवण'. त्यात कुठं 'आहे', कुठं 'नाही'.

तीन महिन्यांत एक्केचाळीस वेळा 'नाही'.

ही मांडणी जसिंताची होती. ऑफिसातल्या लोकांचे लेटमार्क काढायचं उदाहरण ती क्लासात द्यायची, त्यातली रंगाची युक्तीसुद्धा तिचीच. शेवंतानं हे शीट गृहपाठ म्हणून आणून दाखवलं होतं, हेही तिला आता आठवलं. रकान्याची नावं तिनं वाचली नव्हती. फॉर्म्युला बघितला होता आणि सगळ्या बॅचपुढे शाबासकी दिली होती.

तिनं शेवंताला गॅलरीत बोलावलं आणि हे कोणासाठी केलंस म्हणून विचारलं. शेवंतानं आधी टाळलं. मग सांगितलं. लग्न झाल्यापासून मस्टरमध्ये तिचंही नाव होतं. मामंजींना दिसायला कमी झालं होतं, बेरजा चुकायच्या, कधी कपात विसरून जायचे. महिन्याला दोन-तीनच व्हायच्या. त्यांनीच सौदा घातला. सगळं मशिनावर चढवून दे, तुझं नाव काढतो.

"आणि सासूबाईंचं?"

"ते राहिलं," शेवंता म्हणाली. "त्यांना सवय होती, टीचर."

जसिंतानं तिच्या थोबाडीत मारली नाही, पण हात वळवळला. रोज वेळा मशिनात कोण टाकायचं, एवढंच तिनं विचारलं. मामंजी स्वतः. कुठली चौकट कशी चालते, कुठला आकडा बदलला की काय होतं, सगळं त्यांनी तिच्याकडून घोकून घेतलं होतं. सोमवारचा दोनसुद्धा.

आता दौलतला विचारायचा एकच प्रश्न उरला होता.

६

साडेतीन वाजले होते. जसिंतानं दौलतला सगळ्यांसमोर विचारलं, की सोमवारी नेमकं काय झालं, पायरीपायरीनं सांग.

पाळीवरून आलो, दौलत म्हणाला. डोळे मिटत होते. आईनं साखर तपासली, मी आकडा टाकला, चोवीस आले. सोमवार आहे हे ध्यानातही नव्हतं; वार बघायचं काम मशिनाचं. सुई भरली, पडद्याबाहेरच आईच्या हातात दिली आणि आडवा झालो. बाबा पोटाला आईशिवाय कोणाला हात लावू देत नसत. टोचताना ती आकडा पुकारायची आणि ते लिहून घ्यायचे, गेटवरच्या हजेरीसारखं.

"आईला आकडा सांगितलास?"

"सांगितला की. झोपेतच चोवीस म्हणून पुटपुटलो."

 लक्ष्मीच्या कमरेवरचे हात आपोआप खाली आले.

जसिंता हळूहळू बोलली. क्लासात बोलायची तशीच, एकेक पायरी फळ्यावर मांडत. दोनचा एक केला तो कोंडीरामनंच. म्हणून रविवारी निम्मी सुई लागली तरी तो खुशीत होता. त्याची कळ बरोबर बसल्याची ती खूण होती. सोमवारी उपासाच्या दिवशी चोवीस पुकारले जाणार, तो आरडाओरडा करून सुई थांबवणार, आणि मुलीच्या आणि शेजाऱ्याच्या देखत सुनेवर खुनाचा आळ घेऊन तिला घराबाहेर काढणार. तिच्याकडून मस्टर करून घेतलं होतं. तिची गरज संपली होती आणि तिला दिलेला शब्द त्याला सलत होता. म्हणून तमाशाला माणसं बोलावली. पण सोमवारी त्याला चोवीस ऐकूच आले नाहीत. ऐकले असते तर त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. त्याला बारा ऐकू आले. त्यानं बारा लिहिले, हिरमुसला होऊन रघुवीरला घालवून दिलं आणि बिछान्यावर जाऊन पडला.

"दौलत चोवीस म्हणाला," जसिंता म्हणाली. "सुईत चोवीस होते. मग बारा कोण म्हणालं?"

सगळे राधाबाईंकडे बघू लागले. त्या दिव्यात तेल घालत होत्या. तेलाची वाटी त्यांनी जागेवर ठेवली, मगच तोंड उघडलं.

"म्या म्हनले."

 दौलत उठला आणि परत खाली बसला. आपणच सुई भरून दिली, हे त्याच्या डोक्यात आत्ता कुठं शिरत होतं. जसिंतानं विचारलं, की तुम्हाला डाव कसा कळला?

"त्यानंच सांगितला. शनिवारी, हसत हसत. म्हनला, उद्या परवा बघ सुनेची कशी फजिती करतो. माझ्यापाशी काय लपवायचं? मी कोन?" त्या बोलताना ना रागात होत्या ना रडत होत्या. "नऊला घाम सुटला त्याला. साखर आन म्हनला. डबा हितंच व्हता. म्या घड्याळ बघत बसले. म्हनलं, दोन तास उशीर."

"आणि ही? ही जेलात गेली असती, तरी तुम्ही गप्प बसला असतात?"

राधाबाईंनी पहिल्यांदा सुनेकडे पाहिलं. 

"व्हय," त्या म्हणाल्या. "तो विसरायचा. तीस दिवसांत दोनदा-तीनदा उपाशी ऱ्हायचे मी, ते चालायचं. मान्साला विसर पडतो. हिनं न विसरनारं करून दिलं. आन स्वतःचं नाव काढून घेतलं."

शेवंता हुंदके देत त्यांच्या पायाशी सरकली. राधाबाईंनी पाय मागे घेतले.

लक्ष्मीनं चौकीचा अर्ज पर्समधून काढला आणि त्याच्याकडे बघत राहिली. कोणाविरुद्ध लिहिलाय तेच तिला समजत नसल्यासारखं. जसिंतानं तिला सांगितलं की नाव बदलावं लागेल, आणि मुलीला आज रात्रीच्या आत आईकडे आणून पोचवावं लागेल. नाही केलंस तर मी स्वतः वरळीला येईन. लक्ष्मीनं मान हलवली.

"चला मग," राधाबाई म्हणाल्या. "पन आधी जेवते."

सुतकाचं घर, चूल बंद. रघुवीरच्या बायकोनं दुपारी आणून ठेवलेलं पिठलं आणि भाकरी झाकून ठेवली होती. शेवंतानं उठून ताट वाढलं.  राधाबाईंनी मांडी घातली, भाकरीचा तुकडा मोडला आणि सावकाश चावायला सुरुवात केली. तोंडात दात थोडेच होते. मधे थांबून त्यांनी एक कांदा मागितला, तो फोडून दिला. मग आणखी अर्धी भाकरी मागितली.

चार वाजून गेले. पाऊण तास झाला. दाराबाहेर चाळ गोळा झाली होती, आणि कोणीही चला म्हणायला तयार नव्हतं. जसिंता दारात उभी राहून त्यांचं जेवण होईपर्यंत थांबली.

राधाबाईंनी ताट बोटानं निपटून घेतलं, त्यात हात धुतला आणि दौलतला म्हणाल्या, चल रे.